तपकीर गल्लीतले काका

गेली वीसेक वर्षं माझं घर दुसऱ्यांची भाषणं ऐकून टाइप करण्यावर चालतं. व्याख्यानं, प्रवचनं, मुलाखती, कुणाच्या आजोबांनी सांगितलेल्या आठवणी. लोक कॅसेट किंवा फाइल आणून देतात, मी ती घरच्या कॉम्प्युटरवर ऐकते आणि शब्द उतरवून देते. या धंद्याचं भांडवल म्हणजे दोन लहान स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही मिळून आजच्या बऱ्या मोबाइलच्या पाव किमतीतही बसतील. ते कसे निवडावेत, कुठे ठेवावेत, त्यांतून काय ऐकावं हे मला ज्यांनी शिकवलं ते माझे नातेवाईक नव्हते आणि शिक्षकही नव्हते. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं. नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून इथेही त्यांना काकाच म्हणते.

२००४च्या सुमारास मी घरी डीटीपी करायचे. श्रीलिपीत टाइप करायचं, पेजमेकरमध्ये पानं लावायची, पानामागे पैसे. एका प्रकाशकांनी कीर्तनांच्या कॅसेट आणल्या आणि विचारलं, 'एवढं उतरवून द्याल का?' काम नवीन होतं, पैसे बरे होते, मी हो म्हटलं. कॉम्प्युटरबरोबर आलेले प्लॅस्टिकचे स्पीकर कुकरच्या शिट्टीपुढे टिकत नव्हते. म्हणून एक टू-पॉइंट-वन सेट घेतला. दोन चिमुकले स्पीकर, टेबलाखाली ठेवायचा सबवूफर आणि त्याला निळा दिवा. खोक्यावर 'दोन हजार वॅट पीएमपीओ' असं ठळक छापलेलं. वॅट म्हणजे बल्बवर असतात ते, एवढं मला माहीत होतं. साठाच्या बल्बपुढे दोन हजार म्हणजे भरपूरच. दुकानात त्यांनी एक दणदणीत गाणं लावलं, काउंटरची काच थरथरली आणि मी पैसे मोजले.

घरी बुवांचा आवाज त्यातून आला तो विहिरीत उभं राहून बोलल्यासारखा. गाणं लावलं की झकास, माणूस बोलायला लागला की घोळ. तरी मी रेटून टाइप करत राहिले. मुद्रितं परत आली तेव्हा लाल शाईनं भरलेली होती. बुवा म्हणाले होते 'अद्वैताचं सार', मी टाइप केलं होतं 'अद्वैताचं फार'. अशी कितीतरी ठिकाणं. मुद्रितशोधकांनी समासात काहीच लिहिलं नव्हतं, नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

सेट बिघडला असणार असं धरून मी तो पिशवीत घालून तपकीर गल्लीत नेला. एका दुकानदारानं जिन्याकडे बोट दाखवलं. जाड भिंगाचा चष्मा, समोर सोल्डरिंग आयर्न, राळेचा वास. काकांनी विचारलं, 'काय होतंय?'

'शब्द कळत नाहीत.'

'आवाज येतो ना?'

'येतो. खूप येतो.'

'मग बिघडलेला नाही, ताई. तो असाच आहे.'

त्यांनी मागचे स्क्रू काढले आणि आत बोट दाखवलं. मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर होता, त्यावर चिकटवलेल्या कागदावर ९-०-९ आणि १ अँपिअर असं लिहिलेलं. बिलाच्या पाठीवर त्यांनी माझ्याकडूनच गुणाकार करून घेतला. अठरा व्होल्ट, एक अँपिअर. अठरा वॅट. 'भिंतीतून येणारी वीज या लोखंडातूनच आत जाणार. अठरा आत गेले तर बाहेर किती येतील? त्यातलेही बरेचसे आयसी तापवण्यात जाणार. उरले आठ-दहा, ते तीन स्पीकरांत वाटायचे.'

'मग दोन हजार कुठून आले?'

'छापखान्यातून.'

मी स्वतः छपाईच्या धंद्यातली. छापखान्यातून काय काय येतं ते मला तरी ठाऊक असायला हवं होतं. पीएमपीओ काढायचा कुठला ठरलेला नियमच नाही, ज्याला जो आकडा शोभेल तो त्यानं छापावा, हे मला त्या दिवशी कळलं. बघायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येतो तो, आणि तो छापलेला नसेल तर खोकं हातात उचलून बघायचं. त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरला वजन असायचं ते ट्रान्सफॉर्मरचं. हलकं खोकं आणि मोठा आकडा एकत्र दिसले की काका पुढे काही विचारतच नसत.

नवल म्हणजे त्यांनी माझ्या सेटला नावं ठेवली नाहीत. आठ-दहा वॅट म्हणजे कमी नव्हेत, म्हणाले. साधारण स्पीकरला एक वॅट दिला तर एका मीटरवर ८५-८६ डेसिबल आवाज मिळतो. आपण समोरासमोर बोलतो तो साठच्या आसपास असतो. म्हणजे टेबलाशी एकटं बसून ऐकणाऱ्याला एक वॅटही जास्तच. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, कानाला 'जरा वाढला' एवढंच वाटतं. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. 'लोक वॅट विकत घेतात,' ते म्हणाले, 'ऐकायचा असतो स्पीकर.'

मग माझं दुखणं कुठे होतं? स आणि श यांची सळसळ चार हजार हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते. साध्या फोनवर चौतीसशेच्या पुढचं कापलं जातं, म्हणून फोनवर नाव सांगताना 'स, सशातला' असं म्हणावं लागतं. माझ्या सेटमध्ये तेवढा वरचा भाग क्षीण होता, आणि खाली शंभर-दीडशे हर्ट्‌झला, जिथे पुरुषी आवाजाचा पाया असतो नेमका तिथे, सबवूफर एकाच सुरात घुमत होता. मधल्या भागाचा वाली कुणीच नव्हता. शिवाय काकांनी विचारलं, 'कॅसेटची वायर कॉम्प्युटरच्या कुठल्या रंगाच्या भोकात घालता?' गुलाबी, मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. गुलाबी माइकसाठी, फार बारीक सिग्नलसाठी. प्लेअरची वायर निळ्यात. स्पीकरची हिरव्यात. इतके दिवस मी बुवांचा आवाज घशातच चिरडून मग स्पीकरला दोष देत होते.

'तुमच्याकडचा एखादा चांगला द्या,' मी म्हटलं. मागच्या फळीवर त्यांनी बनवलेला एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर होता, थ्री-झीरो-डबल-फाइव्ह ट्रान्झिस्टरांचा, कुठल्याशा मंडळासाठी केलेला. ते विकून त्यांना चांगले पैसे मिळाले असते. त्यांनी दिला नाही. 'अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. आधी स्पीकर बघा. चार रुपये असतील तर तीन स्पीकरवर घाला. अ‍ॅम्प्लिफायर काय, मीही बनवतो.' आणि मला जुन्या बाजाराची वाट दाखवली. ज्याचं पोट दुरुस्तीवर, तो माणूस गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवत होता. तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही, उलट थोडा रागच आला.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जाण्यापूर्वी काकांनी परीक्षा शिकवली. पाची बोटं फाकवून वूफरचा पडदा अलगद आत दाबायचा. सरळ गेला पाहिजे, खर्र वाजला तर आतली कॉइल घासतेय, सोडून द्यायचा. कडेची किनार रबराची आहे की स्पंजाची ते बघायचं. स्पंज दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होतो, नखानं पीठ पडतं. मीटर लावून आठ ओहमच्या स्पीकरला सहाच्या आसपास आकडा आला पाहिजे. आणि शेवटी पेन्सिल सेल. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, अधिक टोकाला अधिक. पडदा बाहेर उडी मारतो. दोन्ही बाहेरच उडाले पाहिजेत. एक आत गेला तर जोडणी उलटी आहे, आणि एक उलटा जोडला की दोघांमधोमध ऐकू येणारा माणूस तिथून नाहीसाच होतो.

जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर उकिडवी बसून मी एकेका स्पीकरला सेल लावत होते आणि विकणारा हसत होता. पण मी पहिली दिसायला सुरेख जोडी नाकारली तेव्हा त्याचं हसू थांबलं. तिच्या कडेचं पीठ माझ्या नखात आलं होतं. दुसरी जोडी कुठल्यातरी जुन्या स्टिरिओची होती, पाच इंची कागदी वूफर, वर छोटा ट्वीटर, रबराची किनार, लाकडाला ओरखडे. ती मी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू जाहिरात न बघता, हातानं तपासून घेतली होती.

अ‍ॅम्प्लिफायर काकांनी टीडीए २०३० या आयसीवर केला, दोन बाजूंना दोन. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, दोन अँपिअर. गल्लीत स्वस्तात ४४४० या आयसीचा तयार बोर्डही मिळत होता, गाडीतल्या बारा व्होल्टला तो उत्तम, पण घरात नको म्हणाले. मला शेजारी स्टुलावर बसू दिलं. आयसीची धातूची पाठ उणे व्होल्टेजला जोडलेली असते, म्हणून ती आणि अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा कागदासारखा पापुद्रा ठेवायचा आणि दोन्हीकडे पांढरी पेस्ट, अगदी पातळ. जास्त लावली तर उलट उष्णता अडते. तासभर चालवून त्यांनी मला हीटसिंकला बोट टेकवायला लावलं. 'ठेवता येतंय? मग झालं.' सामानाचे पैसे घेतले, मजुरी म्हणून जे घेतलं ते सांगायची मला आज लाज वाटते.

घरी आणल्यावर खरा गोंधळ सुरू झाला आणि काकांचं माझ्यावरचं ऋण तिथून वाढतच गेलं. स्पीकर मॉनिटरला चिकटवून ठेवले तर काचेवर जांभळा-हिरवा डाग. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या नळीचे असायचे आणि स्पीकरचं चुंबक त्यांतले रंग ओढायचं. हातभर लांब सरकवल्यावर डाग गेला. मग घूं आवाज, कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या. काकांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, 'वाड्यात अर्थिंग आहे का?' नव्हतं. कुणी सुचवलं होतं की प्लगचा तिसरा पाय कापून टाक, घूं जाईल. काका माझ्यावर एकदाच ओरडले ते तेव्हा. 'तो पाय तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही.' इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग करून घेतलं, कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावले, घूं गेली. माउस हलवला की बारीक चिरचिर यायची ती पुढे काही वर्षांनी यूएसबीचं छोटं साउंडकार्ड बाहेरून लावल्यावर गेली. त्याला माझा खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा झाला असेल.

स्पीकर कोपऱ्यात नकोत, भिंतीला टेकवून नकोत, खालचा आवाज फुगतो. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर. माझं टेबल ठेंगणं, म्हणून खाली विटा आल्या आणि विटांवर जुन्या स्लिपरचे कापलेले तुकडे, टेबल थरथरू नये म्हणून. पाहुणे हसायचे.

आणि मग काकांनी सांगितलं की आता गाणं लावू नका, आकाशवाणीच्या बातम्या लावा. माणसाचा आवाज आपण जन्मल्यापासून ऐकतो, त्यात खोट असली तर कानाला लगेच कळतं. गाण्यात काय, थोडी धडधड वाढली की बरंच वाटतं. बातम्या देणाऱ्या बाई माझ्या दोन विटांच्या मधोमध, कॉम्प्युटरच्या जरा मागे बसून बोलल्या. त्या श्वास घेत होत्या तोही ऐकू आला. कीर्तनाच्या कॅसेट मी पुन्हा पहिल्यापासून लावल्या. 'सार' स्वच्छ सार होतं. चोरातला च आणि चहातला च वेगळे होते. बुवांच्या मागे झांज धरणारा माणूस ओळीच्या शेवटी खोकत होता. ते काम मी पदरमोड करून नव्यानं उतरवून दिलं आणि प्रकाशकांनी पुढचं दिलं. हळूहळू डीटीपी सुटलं आणि हाच धंदा झाला.

पैसे आले तशी मला हाव सुटली. एकदा गेले आणि म्हटलं, आता मोठा अ‍ॅम्प्लिफायर करू या, शंभर वॅटचा. काकांनी विचारलं, 'नॉब कुठवर फिरवता?' घड्याळाच्या नवापर्यंत, मी म्हटलं. 'मग उरलेला आधी वापरा,' म्हणाले आणि समोरच्या रेडिओत डोकं घातलं. दुसऱ्या कुणी दहा हजारांचं बिल केलं असतं, मी आनंदानं दिलं असतं.

पण ज्यासाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही ती गोष्ट बाबांची आहे. बाबा सत्तरीत आले तशी त्यांची आणि आमची बोलण्यावरून रोज भांडणं व्हायची. टीव्ही मोठा, आणखी मोठा, तरी 'काय म्हणाला?' हे चालूच. आम्ही ओरडून बोलायचो, ते चिडायचे. 'मला ऐकू येतं गं, कळत नाही,' असं म्हणायचे आणि आम्हाला तो हट्टीपणा वाटायचा. मी सहज काकांना सांगितलं. काका म्हणाले, बाबा बरोबर बोलतायत. वय झालं की वरचा आवाज आधी जातो. आ, ओ ऐकू येतात, स, त, क, प निसटतात. तुम्ही आवाज वाढवता तेव्हा जे आधीच ऐकू येतंय तेच वाढवता. 'बास कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा, आणि त्यांना तुमच्या खुर्चीत बसवा, लांब पलंगावर नको. आणि कानाच्या डॉक्टरांकडे न्या, हे माझं काम नाही.'

बाबांना मी माझ्या खुर्चीत बसवलं, दोन विटांच्या मधोमध. त्यांच्या आवडीच्या एका जुन्या नाट्यपदांच्या कार्यक्रमाची कॅसेट लावली, नॉब नेहमीच्या जागी, बासचा पार डावीकडे. पदांच्या मधला निवेदक काहीतरी विनोद करून गेला. मी हसले नाही, कारण मी तो पूर्वी ऐकला होता. बाबा हसले. पुढे श्रवणयंत्र आलं, त्याचाही उपयोग झाला, पण ते येईपर्यंतचे कितीतरी महिने दुपारी खुर्ची बाबांची आणि मी स्वयंपाकघरात बसून हातानं मुद्रितं तपासत असे. त्यांच्याशी ओरडून बोलणं मी तेव्हा बंद केलं. समोर जाऊन, सावकाश बोलायला शिकले. काकांनी अ‍ॅम्प्लिफायरचं सांगितलं होतं, मला ते माणसाशी बोलण्यात जास्त उपयोगी पडलं.

पुढे क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर आले, टीपीए ३११६सारख्या एका चिपवर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वॅट, आणि बोर्ड तळहाताएवढा. मला वाटलं काका त्याला नाकं मुरडतील. त्यांनी तो हातात घेतला, चालवला, बोट टेकवलं आणि म्हणाले, 'आमच्यापेक्षा निम्मासुद्धा तापत नाही. आता कुणी आलं तर हाच सांगा.' चाळीस वर्षांचं कसब जुनं झालं हे त्यांनी एका वाक्यात मान्य केलं. मला माझ्या कामाबद्दल ते अजून जमलेलं नाही. मशीन ऐकून टाइप करायला लागल्यापासून मी त्याच्या चुकाच आधी शोधते. आणि वजनाची परीक्षाही त्यांनीच रद्द केली. नव्या जातीला जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही, तेव्हा खोकं उचलून काही कळायचं नाही, मागचा अ‍ॅडॅप्टर किती व्होल्ट किती अँपिअरचा आहे ते वाचा आणि गुणाकार करा. गुणाकार तोच.

काका आता मुलीकडे नाशिकला असतात. जिन्याखाली मोबाइलची कव्हरं मिळतात. दिवाळीत मी फोन करते, ते अजूनही पहिल्यांदा विचारतात, घूं येत नाही ना.

माझ्याकडे हल्ली ओळखीचे लोक विचारायला येतात, कॉम्प्युटरला कमी पैशात काय घेऊ. मी जे सांगते ते सगळं काकांचं आहे. एकट्यानं टेबलाशी ऐकायचं असेल तर दोनच स्पीकर घ्या, पाच-सहांच्या नादी लागू नका, तेवढ्याच पैशांचे तुकडे होतात. वेगवेगळं जमवायची हौस नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली लाकडी खोक्यांची जोडी घ्या, चार इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेली, आरएमएस आकडा स्पष्ट लिहिलेली; वीस-वीस वॅट खोलीला पुरून उरतात. जुनं घेणार असाल तर खिशात पेन्सिल सेल ठेवा. दुकानात त्यांचं गाणं ऐकू नका, मोबाइलमध्ये आपल्या माणसाचं बोलणं भरून न्या आणि ते लावायला सांगा. दोन सेट समोरासमोर ठेवले तर जो विकायचा असतो त्याचा आवाज जरासा मोठा ठेवतात आणि मोठा नेहमी चांगलाच वाटतो. तेव्हा नॉब स्वतःच्या हातात घ्या, दोन्ही सारखे करा, मग दोन्ही कमी करा. कमी आवाजात ज्याचे शब्द कळतील तो घरी आणा.